हातांची ओळख

दसऱ्याच्या सकाळी चिपळूणला घागांच्या दारात त्यांची नवी विजेची गाडी आली, तेव्हा तिच्यात कोणीच नव्हतं. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून ती एकटीच आली होती. फाटकाशी थांबून तिने दिवे मिचकावले आणि दारं उघडली. सुनंदाबाई आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. गाडी पोचवायला येणाऱ्या माणसासाठी काढून ठेवलेला पेढा आता कोणाच्या हातावर ठेवायचा, हे त्यांना कळेना.

अनंत घागांचं पेढ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी वाकून चाकांपाशी नाक नेलं. एसटीच्या नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी याच घाटात बस चालवली होती आणि त्यांच्या बसवर कधी ओरखडा उठला नव्हता. घाट उतरलेल्या गाडीच्या ब्रेकला करपट वास येतोच. हिला येत नव्हता. पुण्याहून त्यांच्या मुलीने, मृदुलाने, फोनवर समजावलं की उतारावर हिची मोटर जनित्रासारखी चालते, चाकांना रोखून धरते आणि तीच ऊर्जा बॅटरीत परत भरते. ब्रेकला फारसं काम पडत नाही. घागांनी ऐकून घेतलं. पण जी गाडी माणसाशिवाय घाट उतरते आणि अंगाला वासही लागू देत नाही, तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे त्यांना उमगलं नाही.

रिकाम्या गाडीला एकटं फिरायची परवानगी होती. आत माणूस बसला की मात्र कायद्याने चालकाचे हात स्टेअरिंगवर हवेत. घाग पहिल्यांदा बसले तेव्हा समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, ‘हात ठेवा. ओळख होऊ द्या.’ स्टेअरिंगच्या आवरणाखाली केसाहून बारीक तारांचं जाळं होतं. कंपनी त्याला स्पर्शजाळी म्हणायची. प्रत्येकाची पकड वेगळी, वळण घ्यायची लकब वेगळी. जाळी ते शिकायची आणि गाडी त्या माणसासारखी वागायला लागायची.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. शेजारीपाजारी बघून गेले. पडवीत चार्जिंगची सोय झाली. बाजारातून जाताना आवाज नसल्यामुळे माणसं बाजूला होत नाहीत, एवढीच घागांची तक्रार होती.

खटकायला लागलं ते घाटात. वळण आलं की स्टेअरिंग त्यांच्या आधी किंचित वळायचं, जसं शेजारून कोणी हळूच हात लावावा. चढावर पाय दाबला तरी वेग एका मर्यादेपुढे जाईना. त्यांनी आधी बॅटरीवर, मग टायरांवर खापर फोडलं. सुनंदाबाईंना काही बोलले नाहीत.

एकदा कऱ्हाडहून परतताना सुनंदाबाईंनी चालवायला घेतली. मृदुलाच्या आग्रहाने त्या मोटार ड्रायव्हिंगच्या क्लासला गेल्या होत्या आणि घागांनी त्यावरून त्यांची बरीच थट्टा केली होती. त्या दिवशी शेजारी बसून घागांनी पाहिलं, गाडी बाईंच्या हातात मोकळी धावत होती. वळणाला स्टेअरिंग त्यांची वाट बघत होतं. घागांनी गाडी थांबवायला लावली, जागा बदलली, पुढच्याच वळणाला हाताखालून तोच तो धक्का जाणवला. मग पुन्हा बदलली. सुनंदाबाई वैतागल्या, पण त्यांच्या हातात गाडी पुन्हा मोकळी झाली.

आता घागांना खात्री पटली, हे कोणीतरी मुद्दाम केलंय. गाडी मृदुलाच्या फोनवर नोंदवलेली होती. मायलेकींनी मिळून हे ठरवलं का, असं त्यांनी बायकोला विचारलं. सुनंदाबाई उठून स्वयंपाकघरात निघून गेल्या. मग घागांनी मुलीला फोन लावला.

“मृदुला, माझ्या गाडीला लगाम तू घातलास?”

“नाही, बाबा.” ती जरा थांबली. “पण गाडीने स्वतःहून घातला असेल, तर तिला काहीतरी दिसलं असेल.”

त्यांनी फोन ठेवून दिला. मुलगी क्षणभर थांबली होती, तेवढंच त्यांच्या मनात राहिलं. त्यानंतर मायलेकींचं फोनवर बोलणं चालू असलं की ते उगाच आतबाहेर करत. कंपनीच्या मदत क्रमांकावर एक गोड आवाज दर वेळी सांगे की गाडी तुमच्याशी जुळवून घेत आहे. दिवाळी आली आणि गेली. मृदुला फराळाला येऊन गेली, पण गाडीचा विषय कोणी काढला नाही.

शेवटी ते एकटेच कऱ्हाडच्या सर्व्हिस सेंटरला गेले. शलाका पिसाळ नावाच्या इंजिनिअर मुलीने गाडी आत घेतली, बराच वेळ तपासली आणि काही बिघाड नाही म्हणून सांगितलं. मग ते बंधन काढून टाक, असं घाग म्हणाले. तिने ते आमच्या हातात नाही म्हटलं. तिची नजर मात्र पुन्हा पुन्हा त्यांच्या हातांकडे जात होती.

घाग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“मुली, मी जन्मभर या घाटातून लोकांना नेलंय. दोष गाडीत नसेल तर माझ्यात आहे. कुठे आहे, तेवढं सांग.”

तिने उठून केबिनचं दार लावलं.

“उजव्या हातात, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. “डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक थरथर आहे. जाळीला कळते. आम्हाला ती सांगायची मनाई आहे, कारण सांगणं म्हणजे रोगाचं निदान करणं, आणि ते डॉक्टरांनीच करायचं असा कायदा आहे. म्हणून कंपनी माणसाला काही सांगत नाही. फक्त गाडीचं वागणं बदलतं. तुम्ही मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. मी बोलले हे कुठे बोलू नका.”

घाग घरी आले. रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी सुनंदाबाईंना सगळं सांगितलं आणि तुमच्या दोघींवर उगाच संशय घेतला, असंही म्हणाले. बाईंनी त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेऊन पाहिला. त्यांनाही काही जाणवलं नाही.

दोघं कऱ्हाडच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं अंगठ्यावर आपटायला लावली, कागदावर गोल गोल वाढत जाणारी रेघ काढायला लावली. मग म्हणाले, ही कंपवाताची सुरुवात आहे, अगदी पहिली पायरी. माणसं माझ्याकडे येतात ती हातातल्या कपातला चहा सांडायला लागल्यावर. तुम्ही फार लवकर आलात, आत्तापासून व्यायाम आणि औषध सुरू केलं तर पुष्कळ वर्षं चांगली जातील. कोणी पाठवलं तुम्हाला? घागांना शलाकाचं नाव घ्यायचं नव्हतं. सुनंदाबाई म्हणाल्या, गाडीने. डॉक्टर हसले आणि मग गाडीचे आभार माना म्हणाले.

परतताना सुनंदाबाईंनी चालवली. घाग शेजारी बसून दरीकडे पाहत होते. इतक्या वर्षांत त्यांची नजर रस्त्यावरून कधी हललीच नव्हती. खाली एवढं हिरवं आहे, ते म्हणाले, हे मला माहीतच नव्हतं. भीती होती, पण कित्येक आठवड्यांचा संशय निवळल्यासारखं वाटत होतं. रविवारी मृदुला यायची होती. तिला समोर बसवूनच सांगायचं, तोवर कोणाजवळ बोलायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घागांचा फोन वाजला. एका बाईंचा आवाज होता, मोठा आपुलकीचा. थरथरत्या हातांसाठी त्यांच्याकडे खास वजनदार चमचे होते, बटणांऐवजी चिकटपट्टीचे शर्ट होते, न्हाणीघरात बसवायच्या दांड्या होत्या. घागसाहेबांसाठी त्यातलं काय पाठवू, असं ती विचारत होती.

“माझं नाव तुम्हाला कोणी दिलं?” घागांनी विचारलं.

ती गोंधळली. नाव कुठून आलं हे तिला माहीत नव्हतं. पण ते दिवाळीच्या आधीपासून आमच्याकडे आहे, ती निरागसपणे म्हणाली, आम्ही तुम्हाला संदेशही पाठवले होते, मिळाले नाहीत का?

घागांनी फोन खाली ठेवला. सुनंदाबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि कोण होतं म्हणून विचारू लागल्या. त्यांनी सांगितलं. सुनंदाबाई पदराला हात पुसत समोर बसल्या.

“म्हणजे आपल्याला कळायच्या कितीतरी आधी?”

घाग दारातून बाहेर पाहत होते. पडवीत गाडी चार्जिंगला लावलेली होती. तिच्यामुळे त्यांना पुष्कळ वर्षं मिळणार होती, हे खरं होतं.

“सुनंदा,” ते म्हणाले, “मला सांगायची कंपनीला बंदी होती. मग या बाईला सांगायची नव्हती?”