सेटलमेंटची हजेरी

यातलं एक अक्षर खोटं नाही. गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेनंतर, सोलापुरात भवानी पेठेत माझ्या विजयमालाकाकूच्या घरी घडलंय हे. मला तिनं एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून आत जाते.

काकूच्या पाटल्या गेल्या.

घरात रंगकाम चालू होतं. रंगारी ईरप्पा, सेटलमेंटमधला. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारून त्यांना जिथं तारेच्या कुंपणात डांबलं होतं, ती वस्ती. तिथं रोज हजेरी व्हायची. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, नाहीतर फटके.

कायदा गेला, तारा गेल्या. पण काही चोरीला गेलं की आपलं बोट अजून तिकडंच जातं. काकूचंही गेलं.

पोलिसांनी ईरप्पाला उचललं.

दुसऱ्या दिवशी दळणासाठी ज्वारी काढायला तिनं डब्यात हात घातला, आणि बोटांना पाटल्या लागल्या. घर सोडताना सोनं धान्यात पुरायचं, ही सासूची शिकवण. जत्रेला निघताना तिनंच पुरलं होतं आणि साफ विसरली होती.

ती रडायलाच लागली. उदयसिंहकाका म्हणाले, गप बस. खोटी तक्रार दिली म्हणून आपल्यालाच आत घेतील.

काकू गप बसली.

त्याच दिवशी दिवेलागणीला ती देवापुढं वात लावत होती. मागच्या बोळातून आवाज आला...

कुणीतरी नावं पुकारत होतं.

जुन्या वळणाची नावं. प्रत्येक नावामागून ‘हजर’. कधी म्हाताऱ्याचा आवाज, कधी बाईचा, कधी लहान पोराचा.

मग... “ईरप्पा.”

उत्तर नाही.

“ईरप्पा.”

काकूनं खिडकी उघडली. बोळात चिटपाखरू नव्हतं. शेजारीच बसलेल्या काकांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

पुढं रोज तेच. ईरप्पाचं नाव यायचं आणि सगळं कसं थांबून राहायचं... ‘हजर’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत यायचा. ती पदर तोंडात कोंबायची. बोललो तर अडकलो, एवढंच डोक्यात.

शेवटी घास उतरेना. काकांना न सांगता ती चौकीत गेली, पाटल्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं कबूल केलं. ईरप्पा सुटला.

त्याचे पाय धरायला ती वस्तीत गेली. तो भिंतीला टेकून बसला होता, तळपाय सुजलेले. त्याच्या आईनं, महादेवीनं, काकूकडं बघितलंही नाही. पण ईरप्पानं हात जोडले.

“ताई, आत लई मारलं. दिवस मावळला की कुनीतरी हजेरी घ्यायचं. माझं नाव आलं की तोंडातनं शब्द फुटायचा न्हाय. तवा तुमीच म्हनायचा की, हजर. तुमच्यामुळं वाचलो.”

“मी?”

“व्हय. तुमचा आवाज वळखत न्हाय व्हय मी?”

काकूनं तर एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

मग तिच्या आवाजात बोललं कोण?

‘ती मी नव्हते’, एवढं सांगायचीसुद्धा हिंमत झाली नाही तिला.

महादेवी उठली. तिनं चहा टाकला आणि पहिला कप काकूच्या हातात दिला.

काकूनं तो घेतला. घशाखाली अजून उतरला नाही, म्हणते.