गेटला विमान नव्हतं

ही घटना खरी आहे. ती आमच्या भावोजींबरोबर घडली, म्हणून आधी मलाही खोटी वाटली होती. भावोजी म्हणजे थापांचं कोठार. पण हे सांगताना त्यांनी एकदाही स्वतःची फुशारकी मारली नाही...

तिथेच मी घाबरलो.

गेल्या वर्षीची भर दुपार. शहराचा विमानतळ. मोठी विमानं उतरावीत म्हणून धावपट्टी लांबवली होती. परदेशी विमानाचा अजून पत्ता नव्हता, तरी ‘आंतरराष्ट्रीय’ अशी पाटी दिमाखात झळकत होती. बाजारात तुरी, तशातली गत.

भावोजी त्या नव्या टर्मिनलचे सुपरवायझर. छातीवर बिल्ला काय आला, माणूस जमिनीवर चालेना. सफाईवाल्यांशी बोलतानाही नाक आभाळात. ताईला म्हणायचे, तुम्हाला काय कळणार आमचं काम!

त्या दिवशी रंगीत तालीम होती. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना खोटे प्रवासी केलं होतं. बॅगांत रद्दी कोंबलेली. गेटमधून एरोब्रिजमध्ये शिरायचं, म्हणजे विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या त्या बंद बोगद्यात. टोकाच्या दाराला हात लावायचा आणि परत यायचं. दार कुलूपबंद. पलीकडे विमान नव्हतंच, नुसती पोकळी आणि खाली सिमेंट.

सगळे हसत गेले, हसत आले.

मग एक म्हातारी आली. एकटी. हातात कापडी पिशवी. गळ्यात पास नाही.

भावोजींनी तिला सगळ्यांदेखत झापलं. कुठून आलात, आत कुणी सोडलं, ही काय धर्मशाळा आहे का. ती ओशाळली. हळूच म्हणाली,

“बाळा, विमान लागलंय का?”

भावोजींना चेवच आला. बाकीच्यांकडे बघून त्यांनी डोळा मारला.

“लागलंय की, आजी. तुमच्यासाठीच खोळंबलंय. चला, पाय उचला.”

ती खरंच आत गेली. मागे सगळे खिदळले.

तिच्या चपला वाजत राहिल्या... फट... फट...

मग थांबल्या.

भावोजी पुढचा टोमणा तयार ठेवून उभे होते. पण ती येईना...

शेवटी ते चरफडत आत गेले.

बोगदा रिकामा.

कुलूप जसंच्या तसं. दाराशेजारच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसला होता. भावोजी त्याच्यावर खेकसले. तो गोंधळला. मघाची माणसं परत गेल्यावर इकडे कुणी फिरकलंच नाही, म्हणाला.

तेवढ्यात पायाखाली हलका धक्का बसला...

बाहेरून काहीतरी ब्रिजपासून सुटावं, तसा.

दाराच्या फटीतून गरम वारा आला. भावोजींनी केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. कडक ऊन. जागा मोकळी.

नंतर त्यांनी गुपचूप कॅमेरे तपासले. म्हातारी त्यात दिसते. बोगद्यात शिरेपर्यंत.

पुढे काहीच नाही...

पण साहेबांना सांगायची हिंमत कुणाची? भावोजींनी कळवलं, तालीम उत्तम झाली. मग फिती कापल्या गेल्या, भाषणं झाली. भावोजींची पाठ थोपटली गेली. अशा माणसांची नेहमी थोपटली जाते.

पहिलं परदेशी विमान उतरलं, त्या दिवशी भावोजी आगमनाच्या दाराशी होते. गर्दी पांगली. कठड्याला टेकून एक माणूस तेवढा उरला. भावोजी त्याला हाकलायला गेले.

तो शांतपणे म्हणाला, “आई यायची आहे. तुम्हीच बसवलंत ना तिला?”

भावोजींनी हाकलायला उचललेला हात खाली घेतला.

तो चिडला नाही. “असू दे. थांबतो मी,” म्हणाला.

तो अजून येतो. प्रत्येक विमानाला. बाकीच्यांना तो दिसतो का, हे भावोजींनी कुणालाच विचारलेलं नाही. ड्युटी संपली तरी ते घरी येत नाहीत. त्याच्याशेजारी उभे राहतात, शेवटचा प्रवासी बाहेर पडेपर्यंत.

या माणसाची अशी जिरावी, हे मला किती वर्षं वाटत होतं.

आता हसू यायला हवं होतं...

येत नाही.