न पुसलेली चूक

ही गोष्ट मी सहावीत होते तेव्हाची, म्हणजे २०४८ सालची. आमच्या केळवलीच्या शाळेत दशम नावाचा यंत्रमानव गणित शिकवायचा. त्याच्या छातीवरचा फिकट निळा दिवा अजून डोळ्यांपुढे येतो.

त्या वर्षी एक कोडंच पडलं होतं. दशम वर्गात असला की सगळ्यांची उत्तरं बरोबर. परीक्षेत तो जवळ नसला की निम्मा वर्ग नापास. पुढच्या सोमवारी फेरपरीक्षा होती. तेव्हाही तसंच झालं, तर दशमला परत नेऊन त्याचा स्मृतिकोश (यंत्राची आठवणी साठवण्याची जागा) कोरा करणार होते. मला तर तो जायला नको होता.

मी रोज सकाळी मंदाबाईंना पूजेची फुलं नेऊन देई. आमच्याच शाळेत तीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "उद्या दशमला इकडे आण. आणि एक चुकणारं पोर."

"बाई, तशी अकरा आहेत."

"एक पुरे."

मी ओजसला नेलं. बाईंनी पाटीवर गणित घातलं : अर्धी भाकरी अधिक एक तृतीयांश भाकरी. ओजसने वरचे अंक मिळवले, खालचेही मिळवले आणि लिहिलं, दोन पंचमांश. दशमचा हात लगेच पाटी पुसायला पुढे आला.

"राहू दे रे ती," बाई म्हणाल्या.

"चूक ताबडतोब पुसून बरोबर उत्तर लिहून द्यावं, असा माझा नियम आहे."

"माझा नेम उलटा आहे. ओजस, कसं केलंस ते सांग बाळा."

ओजसने सांगितलं. बाईंनी अर्धी भाकरी त्याच्या ताटात वाढली, शेजारी दुसरीचा तिसरा हिस्सा ठेवला. "आता किती झाली?"

"अर्धीपेक्षा जास्त."

"आणि पाचातले दोन भाग म्हणजे?"

"अर्ध्याहून कमी..." ओजस पाटीकडे बघत राहिला. "बाई, अजून वाढलीत आणि कमी कशी झाली?"

"तुकडे बघ. सारखे आहेत का?"

"एक मोठा, एक लहान." त्याने एक तुकडा दुसऱ्यावर ठेवून पाहिला. "मग सारखे करायला हवेत."

त्याने एका भाकरीचे सहा भाग धरले. अर्धी म्हणजे तीन भाग, तृतीयांश म्हणजे दोन. एकूण पाच षष्ठांश. छेद (अपूर्णांकातला खालचा अंक) तुकड्याचं माप सांगतो, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी फडताळातून जुन्या वह्या काढल्या. "या मुलांच्या चुका. दर शनिवारी आम्ही सगळे शिक्षक चहा घेत एकमेकांच्या वह्या वाचायचो. पाचवीतली चूक सातवीच्या बाईंना ठाऊक असायची. गणित एकट्यादुकट्याने नाही शिकवून होत. सगळी शाळा शिकवते."

दशमचा दिवा मंदावला. "माझ्याकडे फक्त बरोबर उत्तरं आहेत."

"मग तुला मुलं कुठं माहीत आहेत रे?"

पुढचे चार दिवस दशमने फळा पुसला नाही. "कसं केलंस ते सांग," एवढंच तो विचारत होता. वर्गात पहिल्यांदाच गोंगाट झाला.

सोमवारी दोघंच नापास झाले. दशम राहिला.

आता मंदाबाई नाहीत. त्याच शाळेत मी शिकवते. उद्या लहान वर्गांसाठी नवा यंत्रमानव येतोय. त्याला सगळ्यात आधी काय द्यायचं, असं मी काल दशमला विचारलं.

"ओजसचे दोन पंचमांश," तो म्हणाला. "मी जपून ठेवलेत."