दोघांचं एकच उत्तर

खराडीहून सुटलेली कंपनीची बस येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबली, आणि थांबली ती थांबलीच. परतीच्या पावसाने रस्त्याचं तळं केलं होतं. त्या तळ्यात निम्मं पुणं उतरलं होतं आणि उरलेलं निम्मं हॉर्न वाजवून आपली पाळी कधी येते ते विचारत होतं. भिंतीपलीकडच्या लोकांना आपण कधी सुटणार हे निदान न्यायाधीशांनी सांगितलेलं असतं. अलीकडच्यांना ती सोय नाही.

नम्रता खिडकीशी बसली होती. काच पूर्ण सरकत नव्हती, त्यामुळे तिचा डावा खांदा भिजत होता आणि उजवा कोरडा होता. तिचं दोन्हींकडे लक्ष नव्हतं. ती स्वतःशीच पुटपुटत होती, "शी गॉट हिम टु साइन... शी गॉट हिम टु साइन... भाग पाडलं, की पटवलं?"

"भाग पाडलं," शेजारच्या सीटवरून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. मांडीवर डब्याची पिशवी घेतलेला एक मुलगा समोर बघत बसला होता. उत्तर आपण दिलंच नाही असा चेहरा.

"पटवलं," नम्रता म्हणाली. "मी तेच टॅग केलंय."

आता तो वळला. "म्हणजे ते तुम्ही?"

"ते म्हणजे कोण?"

"माझी उत्तरं रोज खोटी पाडणारे. महिनाभर मी त्यांना शिव्या देतोय. कुणीतरी जाड चष्म्याचे, रिटायर्ड प्राध्यापक असतील असं वाटलं होतं."

"मीही देतेय," नम्रता म्हणाली. "पण मला प्राध्यापक वाटले नव्हते. मला कुणीतरी अडाणी वाटलं होतं."

तो हसला. पाऊस आत येत होता. त्याने काही न बोलता आपली पिशवी काचेच्या फटीला लावली... आणि डबा भिजू दिला.

त्यांचं काम असं होतं. कंपनी एका मशीनला इंग्रजी शिकवत होती. मशीन हुशार होतं. निबंध लिहायचं, हिशेब करायचं, माफीपत्रं तर माणसापेक्षा सुंदर लिहायचं. अडायचं ते ‘गेट’ या एका क्रियापदापाशी. दुसरं काही सुचलं नाही की इंग्रज माणूस ‘गेट’ वापरतो. पत्र येतं तेही गेट, सर्दी होते तेही गेट. घरी पोचलं की गेट, विनोद कळला की गेट, म्हातारं झालं तरी गेट. आणि लग्न करायचं तर तेही गेटनेच. तेव्हा प्रत्येक वाक्य दोन माणसांसमोर वेगवेगळं ठेवायचं आणि इथे नेमका कुठला अर्थ ते त्यांनी सांगायचं. दुसरा कोण हे दोघांनाही कळू द्यायचं नाही. उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर वाक्य दत्तप्रसाद सरांकडे जायचं. सर निकाल द्यायचे आणि हरलेल्याच्या नावापुढे एक लाल ठिपका उमटायचा.

नम्रताला त्या ठिपक्यांची भीती वाटायची, आणि त्याला कारण होतं. ती वाशीमची. इंग्रजीत एम. ए. झाल्यावर वडिलांनी, रंगरावांनी, तिला पुण्याला पाठवलं ते एका बोलीवर. नोकरी आहे तोवर लग्नाचं थांबू. नोकरी गेली की गावी यायचं. रिसोडचा एक मुलगा बघून ठेवला होता. त्याचं खताबियाण्यांचं दुकान होतं आणि मुलीने नोकरी करू नये एवढी एकच त्याची अट होती. आई, मालनबाई, रोज फोनवर आधी "जेवली का?" विचारायची आणि मग आवाज खाली आणून, "नोकरी हाये ना वं पक्की?" त्यातला कुठला प्रश्न खरा ते दोघींना माहीत होतं.

बसमधल्या त्या मुलाचं नाव ऋषी. घर हिंजवडीला. तिथे त्यांचं रान होतं. आता त्या रानात काचेची इमारत उभी होती.

"त्या इमारतीतल्या कंपनीत मी मुलाखतीला गेलो होतो," त्याने पुढच्या आठवड्यात सांगितलं. तोवर शेजारची सीट त्याची ठरून गेली होती. "आमच्याच विहिरीवर बसवून मला नापास केलं. विहीर बुजवून तिथे रिसेप्शन केलंय."

"म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी?"

"इथे मला कुणी सर्जेरावांचा पोरगा म्हणत नाही. इथे मी चुकलो तर चुकलो म्हणतात. घरी माझी चूक झाली की आमच्या तात्यांचा फोन जातो, आणि ती चूक नसते मग."

नम्रताचं हॉस्टेल येरवड्याला होतं. येरवडा ते खराडी हे अंतर असं की सायकलवाला आधी पोचावा. पण पुण्याच्या वाहतुकीने त्या दोघांना रोज तासभर वेळ मिळवून दिला. महापालिकेने प्रेमिकांसाठी केलेलं हे बहुधा एकमेव काम, आणि तेही नकळत. त्या तासात ते दिवसभराच्या वाक्यांवर भांडायचे. काम संपल्यावरच बोलायचं, आधी नाही, हे दोघांनी न ठरवता पाळलं.

"इंग्रजांना नावं ठेवतेस," एकदा तो म्हणाला. अहो-जाहो कधीच बुडालं होतं. "आपलं ‘लागणं’ बघ की. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागत नाही. शिवाय..."

"शिवाय काय?"

"वेड लागतं."

"कुणाला?"

"त्या मशीनला," ऋषी म्हणाला. "मी मशीनचं बोलतोय."

"मला वाटलंच," नम्रता म्हणाली आणि बाहेर बघू लागली. बाहेर भिंत होती. पावसाने काळी पडलेली, वर तारा लावलेली, एरवी बघण्यासारखं काहीच नसलेली भिंत... ती त्या दिवशी तिने फार मन लावून पाहिली.

हळूहळू लाल ठिपके कमी झाले. भांडता भांडता तो कसा विचार करतो ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं आणि तिचं त्याच्या. स्क्रीनवर वाक्य आलं की तिला तो काय म्हणेल ते ऐकू यायचं. ते पटलं तर ती तेच लिहायची आणि नाही पटलं तर मनात भांडून घ्यायची. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की पूर्ण आठवड्यात एकही ठिपका नाही. तिच्याही नावापुढे नाही आणि त्याच्याही नाही. तो आठवडा तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. असल्या आठवड्याकडे माणसाने खरं तर संशयाने बघायला हवं.

दत्तप्रसाद सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर केक होता.

"अभिनंदन," सर म्हणाले. "तुमची उत्तरं तंतोतंत जुळतात. असं मी आजवर पाहिलं नाही. क्लायंट अतिशय खूश आहे. घ्या, केक घ्या."

त्यांनी घेतला.

"क्लायंटने एकच शंका काढली," सर पुढे म्हणाले. "उत्तर एकच येणार असेल, तर माणसं दोन कशाला?"

केक तोंडात तसाच राहिला. पत्रिका जुळल्या की लग्न लावतात एवढंच दोघांनी आजवर ऐकलं होतं. जुळल्यावर एकाला काढतात, हे नवीन होतं.

"वाक्यांचा शेवटचा एक संच देतो," सर म्हणाले. "मुद्दाम अवघड काढलाय. ज्याची उत्तरं बरोबर, तो राहील. वाईट मलाही वाटतंय." आणि त्यांनी स्वतःसाठी दुसरा तुकडा कापला.

त्या संध्याकाळी बस नेमकी सुसाट निघाली. सिग्नलही हिरवे. जेव्हा वेळ हवा होता तेव्हाच पुण्याने दिला नाही.

"मी सोडतो," ऋषी म्हणाला. "मला काय, तात्यांचं प्लॉटचं ऑफिस आहे."

"तुला ते नकोय. तूच सांगितलंस."

"तुला रिसोड नकोय."

"म्हणून तू मला नोकरी वाढणार? ताटात?"

तो पिशवीचा बंद ओढत बसला. मग खूप धीर करून, शब्द पुढेमागे करत म्हणाला, "मग... आपण लग्न करू या ना. म्हणजे नोकरी गेली तरी तुला गावी जायला लागणार नाही."

नम्रताने या वाक्याची वाट पाहिली होती. बऱ्याच दिवसांपासून, बऱ्याच तऱ्हांनी. पण त्याचा उत्तरार्ध असा असेल हे तिला कधी सुचलं नव्हतं.

"नोकरी गेली की लग्न," ती म्हणाली. "बाबा तेच म्हणतात. फक्त मुलगा वेगळा."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. ऐक. मला एक वचन दे. त्या संचात खरं लिही. तुला खरं जे वाटतं ते. मी हरले तर हरले, पण मला तुझ्याशी खरी लढत हवीय. देतोस?"

तिचा स्टॉप आला होता. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

"देतो," ऋषी म्हणाला.

निकाल लागला. नम्रता राहिली, ऋषी गेला. तो गेला तेव्हा हसत गेला, आणि त्या हसण्याचं तिला कौतुक वाटलं. हॉस्टेलवर येऊन ती रडली, पण त्या रडण्यातही मान थोडी ताठ होती. आईला म्हणाली, "पक्की आहे नोकरी. आता एकदम पक्की." पलीकडे मालनबाईंनी फोन कानाशी धरूनच देवापुढे साखर ठेवली. त्याही रडत होत्या.

कँटीनमध्ये दत्तप्रसाद सर रंगात आले होते. समोर नवे चार जण होते आणि सरांना श्रोते मिळाले की राहवत नसे.

"हुशार पोरगा होता हो," सर सांगत होते, "पण शेवटी दबावाखाली काय लिहावं त्याने? वाक्य काय, तर ‘शी गॉट ओल्ड’. शाळेतलं पोरही सांगेल, म्हातारी झाली. याने लिहिलंय, मिळालं! म्हातारपण मिळालं तिला! सत्कार समारंभात, शालीबरोबर!"

सगळे हसले. नम्रताही हसायला लागली, आणि मध्येच थांबली.

तिने डबा बंद केला.

शनिवारी अर्धा दिवस होता. ती बसमध्ये बसली. येरवडा आलं, ड्रायव्हरने ब्रेक लावला, ती उठली नाही. "मॅडम, तुमचा स्टॉप," तो म्हणाला. "माहितेय," ती म्हणाली. ऊन, धूळ आणि कंपन्यांच्या बसगाड्या यांतून रखडत ती हिंजवडीला पोचली. सर्जेरावांचं ऑफिस शोधावं लागलं नाही. त्यांचा फोटो असलेला फलक चौकातून दिसत होता, आणि फोटोतले सर्जेराव त्याच दिशेला बोट दाखवत होते.

आत प्रत्यक्ष सर्जेराव होते. "कोन पायजे? प्लॉट बघायचाय का?"

"ऋषी आहे?"

सर्जेरावांनी तिला नीट पाहून घेतलं आणि आत तोंड करून हाक मारली, "आरं रुष्या! भाईर ये!"

तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता अंगावर. त्यात तो चार वर्षांनी मोठा आणि दुसऱ्याच कुणाचातरी दिसत होता. ते बाहेर पायरीवर आले.

"तू खोटं लिहिलंस," नम्रता म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"‘शी गॉट ओल्ड’ला मिळालं?"

त्याला हसू फुटलं. तिला नाही. मग त्याचंही विरलं.

"नोकरी राहिली ना तुझी," तो हळूच म्हणाला.

"राहिली. पण मी जिंकली की तू टाकली म्हणून उचलली, ते मला कधीच कळणार नाही आता. मी आईला सांगितलं, ऋषी. मान वर करून सांगितलं."

"तू हरली असतीस तर?"

"तर बाबांशी भांडले असते. दुसरी शोधली असती. नाहीतर गेले असते रिसोडला, खतं मोजत बसले असते. जे काही असतं ते माझं असतं. तू विचारलं नाहीस. बाबाही विचारत नाहीत. माझ्या भल्यासाठीच असतं त्यांचंही सगळं."

हे लागलं त्याला. तो पायरीवर बसला. समोर ट्रक खडी ओतत होता.

"राजीनामा देणार तू?" त्याने विचारलं.

बसमध्ये ती हाच विचार करत आली होती. स्वाभिमानाने राजीनामा देता येतो, पण मग तो स्वाभिमान घेऊन वाशीमला जायचं, आणि तिथे त्याला ठेवायला जागा नाही.

"नाही," ती म्हणाली. "सोमवारी जाणार. त्याच खुर्चीत बसणार, पगार घेणार. लाज वाटेल. वाटू दे."

"नम्रता..."

"आणखी एक आहे. ते बोलते आणि जाते. सरांनी सांगितलं तेव्हा सगळे हसत होते, आणि मला त्याच क्षणी कळलं. कारण तू खरं काय लिहिलं असतंस ते मला पाठ होतं. प्रत्येक वाक्याला. इतकं मी कुणालाच ओळखत नाही. आईला नाही... मलाही नाही."

ऋषीने वर पाहिलं. "म्हणजे..."

"म्हणजे तेच. पण मी रागात आहे, आता वदवून घेऊ नकोस."

"मग मी काय करू? सांग. काहीही सांग."

"काहीच करायचं नाही. माझ्यासाठी काहीही नाही. जमेल?"

त्याने विचार केला. एकदा खोटं वचन दिल्यावर त्याला उगाच हो म्हणवेना.

"अवघड आहे," तो म्हणाला.

"माहितेय."

आतून सर्जेरावांचा आवाज आला, "आरं, पाव्हनीला च्या तरी सांगशील का न्हाई?"

ऋषी सवयीने उठला. टपरीकडे दोन बोटं वर केली, तोंड उघडलं... आणि तसाच थांबला. बोटं खाली घेतली. वळून, जरा चाचरत म्हणाला, "चहा... घेणार का तू?"

नम्रताने चौकाकडे पाहिलं. परतीची बस वळण घेऊन चौकात उभी होती. घरी काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं, राग जागेवर होता, आणि सोमवारची खुर्चीही.

"अर्धा," ती म्हणाली.