जखमेतली तंबाखू

"त्यानं ढकललं न्हाय, बाई. हात लावला तवा मालकांचं अंग तव्यागत तापलेलं हुतं, एवढंच सांगतंय लेकरू!"

निपाणीहून आलेल्या गुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि समर्थला गलबलून आलं. त्याची मामेबहीण प्रियदर्शनी मात्र पेन्सिल चावत बसली होती. बेळगावात खासगी तपासाची कचेरी चालवणाऱ्या या बाईला काळीज आहे की नाही, हा प्रश्न त्याला दर केसला पडायचा.

गुणाबाई विड्या वळायच्या. त्यांचा किशन तंबाखूचे व्यापारी तम्मण्णा यांचा ट्रक चालवायचा. शनिवारी तो पुण्याला गेला, बुधवारी सकाळी परतला. लगेच मालकांचे धाकटे भाऊ मारुतीराव यांचा फोन आला, "अण्णा गोदामात बोलवाय लागलेत." किशन गेला, तर माळ्याखाली तम्मण्णा हाडं मोडून पडलेले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत संपले. तिथं दुसरं कुणी नव्हतं म्हणून पोलिसांनी किशनलाच आत टाकलं.

निपाणीला पोहोचल्यावर प्रियदर्शनी आधी शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर सौम्यांना भेटली.

"मांडी, कंबर, बरगड्या, सगळं मोडलेलं," सौम्या म्हणाल्या. "फौजदार एवढं ऐकून उठलेच. जखमा पुवाळल्या होत्या, फुप्फुसं पाण्यानं जड झाली होती, ते ऐकायला सवड कुणाला?"

"साखर असेल म्हाताऱ्याला," समर्थनं अक्कल पाजळली.

"नव्हती. आणि डोक्याच्या जखमेत तंबाखू ठासून बसली होती."

"गोदामात तंबाखू नसणार तर काय जिलेबी?"

"धोतर कसं होतं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"परीटघडीचं."

प्रियदर्शनी हसली. समर्थला ते हसू मुळीच आवडलं नाही.

मारुतीराव भावासाठी धाय मोकलून रडले. "अण्णा लोंढ्याला लग्नाला गेलते. बुधवारी पहाटं आले नि थेट गोदामात गेले."

"येताना कुणी पाहिलं?"

"मी पायलं की!"

तम्मण्णांच्या पत्नी चंपाबाई परसात बसल्या होत्या. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या दोरीवर वाळत होत्या.

"ताप कुणाला आला होता, वहिनी?" प्रियदर्शनीनं पट्ट्यांकडे बघत विचारलं.

"मलाच," चंपाबाई घाईनं म्हणाल्या. मग, कुणी न विचारताच, "ह्यांनी गोदामाचा कारभार किशनच्या हातात द्यायचं ठरवलतं. भावजींना लई लागलं ते."

संध्याकाळी गुणाबाईंसकट सगळे गोदामात जमले. फौजदार नागेंद्र घड्याळाकडे बघत उभे होते.

"तम्मण्णा बुधवारी पडलेच नाहीत," प्रियदर्शनी म्हणाली. "नुकत्याच पडलेल्या माणसाचं अंग तव्यासारखं तापत नाही. जखम पुवाळायला, फुप्फुसात पाणी भरायला वेळ लागतो. शरीर जखमेशी झुंजतं, त्याच्या या खुणा. चोर एका दारानं आला तर राखणदार त्याला धरतो. दहा दारांनी आला तर तो बावचळतो आणि घरच्यांनाच बडवत सुटतो. इतकी हाडं मोडल्यावर शरीराचंही तेच झालं. दोनतीन दिवस ते झुंजलं आणि शेवटी आपल्याच फुप्फुसांवर उलटलं. ते दिवस किशन पुण्याच्या वाटेवर होता."

"मग ते होते कुठं?" फौजदारांनी विचारलं.

"घरात. गोदामात पडलेल्याच्या धोतराला तंबाखूचा कण नाही, जखमेत मात्र ठासून भरलेली! रक्त थांबवायला इथं ताज्या जखमेत तंबाखू दाबतात. ते मायेच्या हाताचं काम. त्याच हातानं तापाच्या पट्ट्या ठेवल्या, धोतर बदललं."

चंपाबाई पुढं झाल्या. "भावजी म्हणाले, पोलीस केस हुईल, अब्रू जाईल, हाडवैद्य आणतो. रगात थांबलं. मला वाटलं, वाचले."

"हाडवैद्य आला?"

"न्हाय. बुधवारी दवाखान्यात नेतो म्हणाले, म्हणून मीच धुतलेलं धोतर नेसवलं. मागनं म्हणाले, तोंड उघडलंस तर तू बी आत जाशील."

"माळ्यावर भांडताना धक्का लागला वो!" मारुतीराव ओरडले.

"लागला असेल. पण पुढं तुम्ही भाऊ मरायची वाट बघत बसलात. त्यांची वाचा गेल्यावर, धुगधुगी असतानाच, त्यांना इथं आणून टाकलंत आणि किशनला फोन केलात. कारभार देणारा आणि घेणारा, दोघांचाही काटा एका सकाळी काढलात."

फौजदारांनी मारुतीरावांचा दंड धरला.

"बाई," चंपाबाईंनी विचारलं, "पैल्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर?"

निदान आज तरी हिनं खोटं बोलावं, असं समर्थला कळवळून वाटलं.

"बहुतेक वाचले असते," प्रियदर्शनी म्हणाली. "कोल्हापूर तासाभरावर आहे."

चंपाबाईंनी आधारासाठी शेजारी उभ्या गुणाबाईंचा हात धरला. गुणाबाईंनी तो सोडवून घेतला.

"माझं लेकरू आत मार खात हुतं, तवा न्हाय काय इचारावंसं वाटलं, वैनी?" त्या म्हणाल्या, आणि पोराला आणायला ठाण्याच्या वाटेला लागल्या.