आठ तास, ओके

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाहेर माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक मशीनच्या मागे एक पांढरी चिठ्ठी चिकटवायची, ही माझी पद्धत. तिच्यावर तारीख, माझी सही आणि 'टेस्ट ८ तास, ओके'. गिऱ्हाईक ती वाचत नाही, पण आहे हे बघून निश्चिंत होतं. मला त्या चिठ्ठीचा फार तोरा होता. आजूबाजूचे लोक मशीन चालू झालं की हातात देतात, कमलेश देत नाही, असं मी येईल त्याला ऐकवायचो.

दर्शना मार्चमध्ये आली. भोपरची, आगऱ्यांच्या घरातली, कॉलेजात शिकवणारी मुलगी. तिची आजी आवडाबाई धवलारीण. म्हणजे लग्नाच्या मांडवात धवले गाऊन देवांना आणि पूर्वजांना एकेक नाव घेऊन बोलावणारी. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. दर्शनाने दोन वर्षं फोनवर तिची तीनशेच्या वर रेकॉर्डिंग केलेली. त्यातली पंख्याची घरघर आणि कुकरच्या शिट्ट्या काढायच्या, तर तिचं जुनं मशीन एकेका गाण्याला अकरा मिनिटं घ्यायचं. घरात लग्न होतं, त्याआधी सगळं साफ करून नातेवाइकांना वाटायचं होतं. मी म्हटलं, नवं कशाला घेतेस, ह्यालाच पळवून देतो.

यात जादू काही नाही. प्रोसेसर आणि रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगाने चालतात. सेटिंगमध्ये जाऊन तो वेग थोडा वाढवायचा, व्होल्टेज किंचित चढवायचं आणि मग आठ तास टेस्टवर ठेवायचं. जास्त पळवलेलं मशीन बंद पडलं तर बरं म्हणायचं. वाईट हे, की कधी कधी ते चालत राहतं आणि मधूनच गुपचूप काहीतरी चुकीचं लिहून ठेवतं.

मी टेस्ट लावली. विसाव्या मिनिटाला स्क्रीनवर एक लाल ओळ आली. एक चूक. मी रॅमचा वेग जरा खाली आणला. आता टेस्ट पहिल्यापासून लावायला हवी होती. पण 'उद्या दुपारी घेऊन जा' हे मीच दर्शनाला आदल्या दिवशी ऐटीत सांगितलेलं. टेस्टऐवजी मी माझ्या फोनमधले सान्वीचे दोन व्हिडिओ त्यात टाकून साफ करून पाहिले. सान्वी माझी मुलगी, पाच वर्षांची. एकात ती एक ते दहा आकडे म्हणते, दुसऱ्यात गॅलरीतून मला हाक मारते. दोन्ही झटक्यात झाले. मागची रिक्षांची कलकल पार गेली. मी खूश होऊन, पुरते न ऐकताच, साफ केलेलेच फोनवर ठेवले, जुने उडवले. मग चिठ्ठी चिकटवली आणि सही केली. सही करताना हात जरासुद्धा अडखळला नाही, याची आज लिहितानाही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी दर्शनाचा फोन आला. काही गाण्यांत मधलंच काहीतरी नाही, म्हणाली. तिने पाठवलेली फाइल मी हेडफोन लावून ऐकली. आवडाबाई गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, एक श्वास घेते आणि थेट पूर्वजांना बोलावते. फाइल बिघडली की खरखर होते, आवाज तुटतो. इथे काहीच तुटलेलं नव्हतं.

"तिथे मिठागराची ओळ होती," दर्शना म्हणाली. "पणजीने घातलेली, फक्त आमच्या घरातली. शब्द मला पाठ नाहीत, दादा. रेकॉर्डिंग होतं ना, म्हणून केलेच नाहीत."

फोनमधल्या मूळ फाइली तिने जागा करायला काढून टाकलेल्या. मग तिने विचारलं, "टेस्ट केलेली ना?"

"रात्रभर चालवलेली," मी म्हटलं.

मग आपल्याच हातून काहीतरी झालं असेल, असं म्हणून वर तिनेच मला सॉरी म्हटलं. आजी आहेच की, लग्नाची धावपळ संपली की पुन्हा गाऊन घेईन, म्हणाली. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगायला हवं.

हळदीचं आमंत्रण आलं. न जाणं म्हणजे कबूल करणं वाटलं, म्हणून गेलो. भोपरच्या मांडवात दर्शनाच्या वडिलांनी, भिवाशेठनी, माईकवरून माझं नाव पुकारलं. यांच्यामुळे आमच्या आईचं गाणं राहिलं, म्हणाले आणि माझ्या खांद्यावर शाल घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. कुठे तोंड लपवू असं झालं, पण तोंडावर हसू होतं.

मग आवडाबाई गायला बसली. तिच्या मागे रंभाबाई. चाळीस वर्षं ही बाई आवडाबाईच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मागून धरत आली आहे. गावदेवी आली, खाडी आली. आवडाबाईने मान किंचित उजवीकडे कलती केली, एक श्वास घेतला आणि पूर्वजांना बोलावलं.

रंभाबाई तोंड उघडून तयार होती. धरायला शब्दच आला नाही.

तो श्वास मी ओळखला. हेडफोनमध्ये वीसदा ऐकलेला होता. तेवढाच लांब.

लग्न पार पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मशीनचा वेग मुळात होता तसा केला, टेस्ट लावली आणि खरोखर आठ तास स्क्रीनसमोर बसून राहिलो. एकही चूक निघाली नाही. फाइली मात्र तशाच राहिल्या. दुपारी आवडाबाईने मला भाकरी आणि सुकट वाढली. मी विचारलं, मिठागराची ती ओळ कशी होती. विसरलेलं माणूस आठवताना कुठेतरी वर, लांब बघतं. ती सरळ माझ्याकडे बघत होती.

"असा काय नव्हताच, पोरा. तुना कोनी सांगला?"

वय झालं आता तिचं, दर्शना हळूच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. निदान तेव्हा तरी सांगायचं. मी नुसती मान हलवली. ती चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मशीनमागची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि खिशात कोंबली.

परतताना रिक्षात तो चिठ्ठीचा गोळा बोटांना लागला आणि सान्वीचे व्हिडिओ आठवले. मी पहिला लावला.

चार. पाच. सहा.

श्वास.

आठ.

फाइल बिघडली असणार, मी स्वतःला बजावलं. एवढंच.

सान्वी खाली जिन्यापाशीच खेळत होती. मी म्हटलं, चल, पायऱ्या मोजत वर जाऊ. ती उड्या मारत मोजू लागली. सहाव्या पायरीवर थांबली. मान किंचित उजवीकडे कलली.

"आठ," ती म्हणाली आणि पुढच्या पायरीवर गेली.

"मधे सात राहिलं, बाळा."

तिने सरळ माझ्याकडे पाहिलं.

"असं काही नसतं."

याला आता दोन महिने झाले. दर्शनाला मी अजून काहीही सांगितलेलं नाही. शाल कपाटात, घडी न मोडता ठेवली आहे. दुसरा, गॅलरीतून हाक मारतानाचा व्हिडिओ उघडायचा धीर झालेला नाही.

सान्वी हल्ली मला हाक मारत नाही. काही हवं असलं की जवळ येते, शर्ट ओढते आणि मी बघेपर्यंत तशीच उभी राहते.