दुसरं ताट

पाहुणघरातली खोली दोघांच्या नावावर राखून ठेवलेली होती, हे सोलेनच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. सहा वर्षांचा संसार मोडून लुडोविक ऑक्टोबरात निघून गेला. त्यानंतर ती एकटीच गाडी हाकत फ्रान्समधल्या तूर शहरातून लिमूझँ प्रांतातल्या या डोंगराळ खेड्यात पोहोचली, तेव्हा नोव्हेंबरातली संध्याकाळ उतरू लागली होती. स्वयंपाकघरात कोबीच्या सूपचा वास दाटला होता आणि टेबलावर दोन ताटं मांडलेली होती.

"साहेब सामान काढतायत वाटतं?" घरमालकीण मादाम फर्नांदने विचारलं.

टाकून दिलेली बाई म्हणून या म्हातारीसमोर सूप प्यायचं सोलेनच्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर लुडोविकवरचा रागही अजून गेलेला नव्हता.

"ते... वारले. गेल्या महिन्यात. अपघात झाला."

म्हातारीने पळी खाली ठेवली. "अगं पोरी! नाव काय त्यांचं?"

"लुडोविक मार्शे."

नाव ऐकताच मादामने खुंटीवरची घराची किल्ली घेतली, खणातून काळी फीत काढली. "मधमाश्यांना सांगायला हवं. घरातलं मरण त्यांच्यापासून लपवायचं नसतं."

"पण ते या घरातले कुठे?"

"ताट मांडलंय ना त्यांच्या नावाचं? मग घरातलेच."

सोलेनला हसूच आलं. तिच्या आजोळीही म्हातारी माणसं असलं काहीबाही करत. खिडकीतून तिने पाहिलं. मादाम परसातल्या मधमाश्यांच्या एकेका पेटीवर किल्लीने तीनदा ठोकत होती, वाकून काही पुटपुटत होती, फीत बांधत होती. अशा थंडीत माश्या निपचित असतात. पण सातव्या पेटीनंतर गुणगुण उठली. वाढत वाढत ती इतकी झाली की खिडकीची काच थरथरली. मग एकदम सगळं शांत झालं.

सोलेनचं हसू मावळलं. मादाम आत आली तशी ती घाईघाईने म्हणाली, "मादाम, मी खोटं बोलले. तो जिवंत आहे. मला सोडून गेलाय, एवढंच. माश्यांना परत जाऊन सांगा ना."

मादामचा चेहरा पांढराफटक पडला. "असलं खोटं कुणी बोलतं का गं?" म्हणत ती उलट पावली बाहेर धावली. सोलेनही मागे गेली. मादामने पहिल्या पेटीचं झाकण उचललं, मग दुसरीचं, मग तिसरीचं. मध होता, मेण होतं. माशी एकही नव्हती.

"गेल्या," मादाम हळूच म्हणाली. "आता सांगू कुणाला? त्यांना सांगितलेलं मरण त्या खोटं ठरू देत नाहीत."

सोलेनने घरातल्या फोनवरून लुडोविकचा नंबर फिरवला. चौथ्या घंटीला त्याने उचलला, आणि त्याचा तोच कंटाळलेला आवाज ऐकून तिला रडूच फुटलं.

"सोलेन? फोन करायचा नाही असं ठरलं होतं ना आपलं?"

"लुडो, ऐक. खिडक्या लावून घे. आत्ताच्या आत्ता."

"झालं तुझं सुरू! बरं, थांब जरा... दारावर कुणीतरी ठोकतंय."

"उघडू नकोस! लुडो, पाया पडते तुझ्या..."

"शेजारी असेल गं. तू ना, कधी बदलणार नाहीस." त्याने फोन टेबलावर ठेवला. त्याची पावलं दूर गेली, कडी निघाली. ती ओरडत राहिली. तिच्या हातात ओरडण्यापलीकडे काहीच नव्हतं. तीनशे किलोमीटरवरून कुणाचा हात धरता येतो?

मग गुणगुण सुरू झाली. आधी बारीक, मग कानात मावेना इतकी. त्यात त्याने एकदा तिचं नाव घेतलं, की तिला तसा भास झाला, कोण जाणे.

गुणगुण थांबली. फोनमधून किल्लीचे तीन ठोके ऐकू आले, आणि पाठोपाठ मादाम फर्नांदचा थकलेला आवाज आला, "लेकरांनो, लुडोविक मार्शे गेले..."

सोलेनने गर्रकन मागे पाहिलं. मादाम तिच्याकडे पाठ करून मोरीपाशी उभी होती. किल्ली पुन्हा खुंटीवर लटकत होती, आणि ती दुसरं ताट विसळत होती.